माझं गाऱ्हाणं

परळ, मुंबई
१४ नोव्हेंबर १९८३

ती. अक्कास श्रीपादचा साष्टांग नमस्कार.

इकडे सर्व क्षेम. लीलाचा गुडघा आता बरा आहे. आप्पांचा निवाडा तुला रजिस्टरने पोचलाच असेल. गणपतीत आपण दोघांनी ओटीवर बसून सह्या केल्या, की बाबांच्या कलमांच्या बागेचा वाद कोर्टात न नेता आप्पांनी लवाद म्हणून मिटवावा आणि ते देतील तो निकाल दोघांनी मानावा. आप्पा आपल्या दोघांचे मास्तर. त्यांनी तरी कोणाच्या बाजूने बोलावं? तेव्हा त्यांनी शहाणपणाने रवळनाथाला कौल लावला आणि देवाने उजवा कौल दिला. बाग आणि बागेतलं घर माझ्याकडे. तुला खालच्या मांगरात हयातभर राहता येईल, शिवाय दरवर्षी पाच पेट्या आंबे. मांगर शाकारून घे, मी खर्च देईन.

एक सांगायचं राहिलं. भायखळ्याचा एक व्यापारी बाग बघायला मे महिन्यात येईल. माणूस सज्जन आहे. तुझी मांगराची अट मी त्याला घालणारच. मनाला लावून घेऊ नकोस. देवानेच ठरवलं म्हटल्यावर आपण कोण?

तुझा,
श्रीपाद


मिठबाव
२५ नोव्हेंबर १९८३

चि. श्रीपाद यास अनेक आशीर्वाद.

आशीर्वाद सवयीने लिहिले. पुढे पत्रात शोधू नकोस, सापडायचे नाहीत.

निवाडा वाचला. एकदा चष्म्याशिवाय, एकदा चष्मा लावून. दोन्ही वेळा तेच लिहिलेलं होतं. मांगर! अरे, त्या मांगरात मी पेंढा ठेवते, आणि पावसाळ्यात शेजारच्या जुलेखाच्या शेळ्या बांधते. वीस-बावीस वर्षांची होते मी, कपाळ पांढरं घेऊन या घरात परत आले तेव्हा. बाबा म्हणाले, रडत बसू नको, पहार घे. कातळात बाबांनी खड्डे खणले आणि खालच्या ओढ्याकडची, व्हाळाकडची माती मी डोक्यावरून आणून त्यात भरली. तू तेव्हा मुंबईत मॅट्रिकच्या तिसऱ्या वारीला बसला होतास. एकेका कलमाला मी दोन उन्हाळे घागरीने पाणी घातलंय. वरच्या रांगेतलं तिसरं कलम वाकडं का आहे, तुला ठाऊक आहे? नाही ना? मला आहे.

आता निवाड्यातलं तुझंच वाक्य तुला वाचून दाखवते. आप्पांनी झोकात लिहिलंय: 'श्रीपाद यांनी स्वतःचे व गैरहजर भगिनीचे, अशी दोन्ही गाऱ्हाणी देवापुढे घातली, व देवाने उजवा कौल दिला, सबब बाग श्रीपाद यांची.'

माझा गाऱ्हाणा तू घातलंस? आणि काय घातलंस रे मेल्या? माका तरी कळांदे!

गुरव पाषाणाला ओल्या पाकळ्या लावतो, उजवीकडची पडली की देवाचं हो, डावीकडची पडली की नाही. पण त्याआधी ज्याचं गाऱ्हाणं त्याने देवासमोर उभं राहायचं असतं, हे वाडीतल्या शेंबड्या पोरालाही कळतं. मी कुठे होते त्या दिवशी? कसालला. कोणी पाठवलं? तू. 'अक्का, मावशी अंथरुणाला खिळलीय, बघून ये.' मी दोन एसट्या बदलून गेले, तर मावशी खळ्यात भात वाळवत होती आणि मलाच विचारत होती, 'गो, तू आजारी आसंस काय? तोंड कित्याक उतरलां?' आणि मी शहाणी येताना तुझ्यासाठी कसालच्या बाजारातून कोकमाची सोलं घेऊन आले.

ती सोलं मी खाल्ली. निवाडा मला मान्य नाही.

अक्का


मुंबई
९ जानेवारी १९८४

ती. अक्कास सा. न.

तुझं पत्र लीलाला वाचून दाखवण्यासारखं नव्हतं. मावशीच्या बाबतीत माझा गैरसमज झाला होता. कोणीतरी सांगितलं, मी विश्वास ठेवला.

आप्पांची सही घेऊन मी निवाडा इथल्या कोर्टात दाखल केला आहे. घाबरू नकोस, ही नुसती रीत आहे. कोर्टाने शिक्का मारून हुकूमनामा केला की व्यापाऱ्याला खात्री पटते. मी इथे राहतो, आप्पाही सध्या मुलाकडे डोंबिवलीला असतात, म्हणून मुंबईचं कोर्ट सोयीचं. तुला नोटीस येईल. तीस दिवसांत हरकत घेता येते असं तीत असतं, ते सगळ्यांनाच लिहितात. तू काही करू नकोस. मुदत गेली की आपोआप सगळं होतं. इथलं कोर्ट म्हणजे तीन मजले, गर्दी, इंग्रजी. तिथे चांगले चांगले गोंधळतात. तुझं ते काम नव्हे.

आणि थोडा देवाचाही विचार कर. कौलाविरुद्ध गेलेल्यांचं काय होतं ते आपण लहानपणापासून ऐकत आलोय. वाडीत लोक बोलू लागलेत, असं बागेतल्या गड्याने, शंकरने कळवलं आहे.

श्रीपाद


मुंबई
२ मार्च १९८४

अक्का,

तू मुंबईत आलीस! आणि माझ्याकडे उतरली नाहीस!

मी कोर्टाच्या जिन्यात तुला पाहिलं तेव्हा आधी वाटलं, तुझ्यासारखी दिसणारी दुसरीच कोणी बाई. मग तू पदर खोचलास आणि माझी खात्री पटली. सोबत जुलेखाचा भाऊ इद्रीस. तू डोंगरीत राहिलीस चार दिवस, सख्ख्या भावाचं घर परळला असताना? लीला दोन दिवस माझ्याशी बोललेली नाही. म्हणते, 'अक्कांनी कुठे जेवावं हेही तुमच्यामुळे ठरायला लागलं.' माझ्यामुळे!

आणि कोर्टात झालं ते काही बरोबर झालं नाही. माझ्या वकिलाने चांगली तयारी केली होती. निवाडा, करारनामा, आप्पांची सही, सगळं क्रमाने लावलेलं. तुझा वकील, तो कालचा पोरगा, उठून एवढंच म्हणाला की हे कोर्टच चुकीचं आहे. न्यायाधीशांनी आमच्या वकिलाला विचारलं, बाग कुठे आहे? तो म्हणाला, देवगड तालुक्यात. मग विचारलं, लवाद नेमलाच नसता आणि या बागेसाठी दावा करायचा झाला असता, तर कुठल्या कोर्टात केला असता? आमचा वकील खाकरला. पुन्हा खाकरला. जिथे दावा चालला असता तिथेच लवादाचा निवाडाही दाखल व्हायला हवा, म्हणे. माझं घर मुंबईत, आप्पा डोंबिवलीत, या सगळ्याला काडीची किंमत नाही. जमीन जिथे, हद्द तिथली. सगळे कागद परत हातात दिले.

हे तू कोणाकडून शिकलीस? एवढ्यावर खूश होऊ नकोस. निवाडा रद्द झालेला नाही. फक्त दार चुकलं होतं.

श्रीपाद


मिठबाव
१२ मार्च १९८४

चि. श्रीपाद,

कोणाकडून शिकले? नोटीस घेऊन देवगडच्या वकिलांकडे गेले. त्यांनी विचारलं, 'तुम्हाला काय म्हणायचंय?' मी म्हटलं, 'आंबा देवगडचा म्हणून मुंबईत विकता, मग भांडण मात्र मुंबईचं म्हणून कसं विकता?' ते हसले आणि म्हणाले, 'अक्का, कायदा पण जवळजवळ असंच म्हणतो.' मुंबईतला वकील त्यांच्याच ओळखीचा. बाकी तीन मजले चढायला मला काय होतंय? सड्यावर रोज चढते.

डोंगरीत रुकय्याने, इद्रीसच्या बायकोने, मला स्वतःच्या खाटेवर झोपवलं आणि माझ्यासाठी नवी भांडी काढून वेगळं रांधलं. मी म्हटलं, 'कशाला गो हा सोपस्कार?' तर म्हणाली, 'तुमी कोर्ट जिंकूक इल्यात, पोट बिघडवूक नाय.' लीलाला सांग, तिच्यावर माझा राग नाही. पण जो मला मांगरात घालतो त्याच्या घरी मी पाटावर बसू कशी?

वाडीतलं तू लिहिलंस ते खरं आहे. मी मुंबईहून आले तर शंकर कामाला यायचा बंद. 'कौल मोडलेल्या बागेत हात लावूचंय नाय, अक्कानु.' मोहर राखायला कोणी नाही, माकडं मोकाट. विहिरीवर मी गेले की बायका कळशा उचलतात. श्रीपादा, मी रडले. खोटं कशाला लिहू? तुझ्या निवाड्याला मी भ्याले नव्हते, पण विहिरीवर रडले. कारण माझाही त्याच देवावर भरवसा. मला वाटायला लागलं, खरंच देवाने सांगितलं असेल तर?

मग सोमवारी आंघोळ करून देवळात गेले. गुरव म्हणाला, 'बायल माणसान गाऱ्हाणा घालूची रीत नाय.' मी म्हटलं, 'माझ्या बदली भावान घातल्यान, तेव्हा खंयची रीत होती?' तो बाजूला झाला. सभामंडपात दहा-बारा लोक होते. मी मोठ्याने म्हटलं:

'बा रवळनाथा म्हाराजा! ही सुभद्रा तुझ्या पायांकडे उभी आसा. त्या दिवशी माका कोणी बोलावल्यान नाय, विचारल्यान नाय, आणि माझ्या नावान तुका कौल लावलो. तो कौल तुझो नाय, असा मी मानतंय. चुकत असलंय तर हयसरच माका शिक्षा दी!'

गाऱ्हाणं संपलं की लोकांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं असतं. कोणी म्हटलं नाही. आणि बाहेर पायरीखाली जुलेखा माझी चप्पल सांभाळत उभी होती, ती तिथून ओरडली, 'व्हय म्हाराजा!'

पहिल्यांदा म्हाताऱ्या राधाबाई हसल्या. मग त्यांनीही म्हटलं. मग आणखी दोघी-तिघींनी. पुरुषांनी नाही म्हटलं, पण त्यांचं काय! मी उभी होते. मला काही झालं नाही.

आता देवगडला दाखल कर. वाट बघते.

अक्का


मुंबई
१६ एप्रिल १९८४

अक्का, निवाडा देवगडच्या कोर्टात दाखल केला. नोटीस पोचेल. तुझ्या मनासारखं कोर्ट झालं, आता तक्रारीला जागा नाही. आंबा तयार असेल. वाडीतला माणूस मिळत नाही म्हणतात, मग उतरवणार कोण? झाडावर पिकून गळाला तर तुझंही नुकसान, माझंही. अजून वेळ आहे. हट्ट सोड. श्रीपाद.


मिठबाव
२९ मे १९८४

चि. श्रीपाद,

आंबा उतरवला. राधाबाईंच्या सुना आल्या, जुलेखाचे दोन पुतणे आले, आणि आंबे उतरवायचा जाळीचा झेला घेऊन मी स्वतः चढले. शंकर चार दिवस बागेच्या दगडी गडग्यावरून बघत होता. पाचव्या दिवशी म्हणाला, 'अक्कानु, तुमी पडशात,' आणि येऊन चढला. पडण्याची भीती फक्त त्यालाच वाटत होती.

हरकतीचा अर्ज मुदतीत दिला. वकिलांनी त्यात दोनच गोष्टी घातल्या. एक, ज्याला पंच नेमलं त्याने स्वतः निकाल द्यायचा असतो, तो भार दुसऱ्यावर टाकता येत नाही, मग तो दुसरा देव का असेना. दोन, एका बाजूला न ऐकता निकाल देता येत नाही. आणि हे दोन्ही आप्पांनी स्वतःच्या अक्षरात निवाड्यात लिहून ठेवलंय, आम्हाला काही शाबीत करावं लागत नाही. वकील म्हणाले, लवादाने असं काही कबूल केलेला निवाडा त्यांनी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. मी म्हटलं, कोकणात रहा, बघाल अजून.

आप्पांवर माझा राग नाही. भले माणूस. दोन पोरांतलं एक दुखावायचं म्हणून भ्याले आणि देवामागे लपले. पण आपण त्यांना लपायला नेमलं नव्हतं.

एसटीच्या पार्सलने पाच पेट्या पाठवल्या आहेत. निवाड्यात एका वारसाला वर्षाला पाच पेट्या पुरेशा, असं ठरलेलं आहे ना? मग तुलाही पुरतील. लीलाला म्हणावं, पेंढ्यात आणखी चार दिवस राहू दे.

अक्का


मुंबई
११ फेब्रुवारी १९८५

ती. अक्कास सा. न.

निकालाची नक्कल आली. निवाडा रद्द. तुला ठाऊकच आहे, तू पहिल्या बाकावर बसली होतीस.

तुझ्या वकिलाने मला साक्षीत भलतेसलते प्रश्न विचारले, म्हणून माझा गोंधळ उडाला. ऊनही होतं. व्यापाऱ्याने दुसरीकडे बाग पाहिली. आप्पांनी मला पत्र पाठवलंय, पण ते तुला कशाला सांगू?

तू जिंकलीस असं समजू नकोस. फक्त निवाडा गेला, वाद गेलेला नाही. मी आता वाटपाचा रीतसर दावा लावणार आहे. देवगडलाच लावीन, पुन्हा दार चुकायचं नाही. वर्षं लागतील. तुला दर तारखेला जावं लागेल. तुझं वय बघ, आणि मग मला काय ते कळव.

श्रीपाद


मिठबाव
२० फेब्रुवारी १९८५

चि. श्रीपाद यास अनेक आशीर्वाद. या वेळी मनापासून लिहिले आहेत.

ऊन नव्हतं. खिडकी बंद होती आणि डोक्यावर पंखा होता. काय झालं ते मी बघत होते, तूही बघत होतास, तेव्हा उगाच उन्हाला कशाला गोवतोस?

वकिलांनी तुला एकच प्रश्न विचारला. 'देवापुढे तुम्ही बहिणीचं गाऱ्हाणं घातलंत, असं निवाड्यात आहे. बहिणीच्या वतीने काय म्हणालात, ते सांगा.' तू पाणी मागितलंस. पाणी आलं, प्यालास. न्यायाधीश म्हणाले, सावकाश सांगा. तू माझ्याकडे बघितलंस. श्रीपादा, लहानपणी पाढे अडले की तू असाच माझ्याकडे बघायचास, आणि मी ओठ हलवून तुला सांगायची. त्या दिवशी पण माझे ओठ हलायला लागले होते, देवाशपथ. मी पदर तोंडात धरला.

मग तू म्हणालास, 'काही म्हटलं नाही.'

खोटं सांगू शकला असतास. तिथे तुला खोडून काढणारं कोणी नव्हतं. गुरव साक्षीला नव्हता, आप्पा आजारी. पण देवाचं नाव घेऊन तुला खोटं बोलवेना. तेवढ्यासाठी हे आशीर्वाद. बाकी काही माफ केलेलं नाही.

आता तुझ्या धमकीचं. दर तारखेला जावं लागेल म्हणतोस? जाईन! मिठबावहून देवगड काय लांब? तूच परळहून येशील, रात्रभर एसटीत पाय मुडपून. तू ये आणि इथेच उतर. घर तुझंही आहे, मी कधी नाही म्हटलं? सकाळी भाकरी आणि बांगड्याचं तिखलं करीन, जेवू आणि एकाच गाडीने कोर्टात जाऊ. तिकीट ज्याचं त्याने काढायचं.

आणि माझं गाऱ्हाणं काय होतं, ते तुला कधी सुचलं नाही, म्हणून लिहून देते. पुन्हा कोणी विचारलं तर पाणी मागू नकोस.

बा देवा म्हाराजा, ही कलमा बाबांनी आणि मी लावली. बाबा गेले तेव्हा दोन लेकरा मागे रवली, एक झील आणि एक चेडू. अर्धी बाग भावाची. ती तो ठेवांदे, विकांदे, माझी आडकाठी नाय. पण अर्धी माझी. ती माका कोणी दया म्हणान दिवक नको आणि कोणी देवाच्या नावान काढून घेवक नको. मी मांगरात रवाचंय नाय.

एवढंच होतं. दोन मिनिटं लागली असती.

तू आता दावा लावलास तर एप्रिलमध्ये पहिली तारीख लागेल, असं वकील म्हणतात. वरच्या रांगेतलं तिसरं कलम तेव्हा तयार असतं, ते वाकडं का आहे तेही तुला दाखवीन. लीलाला घेऊन ये. देवळातही जाऊ दोघं, गुरवाला सांगून ठेवलंय. कोर्टात काय आणि देवळात काय, दोन्हीकडे एकच सांगणं आहे.

तुझं गाऱ्हाणं तू घाल. माझं मी घालीन.

तुझी,
अक्का